चव, नाव आणि भाव

जठारपेठेतल्या वसंत व्याख्यानमालेत एका कामगार कार्यकर्त्याने मद्याविषयी बोलावे, हे ऐकून आमच्याच सोबत्यांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या. त्यांचा राग आम्हांस समजतो. पगाराच्या संध्याकाळी दारूच्या दुकानापासून माणसांना हाताला धरून घरी नेण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले आहे. तेव्हा आज आम्ही मद्याची थोरवी गाणार नाही. आमचा विषय वेगळा आहे. तांबडी आणि पांढरी वाईन चाखून तिचे वर्णन करणारे लोक जगात आहेत. त्यांच्या एका शब्दावर बाटलीचा भाव दहापट होतो किंवा मातीमोल होतो. हा शब्दाचा अधिकार आला कोठून, तो कोणाच्या हाती राहिला आणि कोणी तो परत मागितला, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते कापसामुळे. लहानपणी बाबांबरोबर कापसाच्या गाडीवर बसून आम्ही बाजारात आलो होतो. घेणाऱ्याने गाडीत हात खुपसून मूठभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली आणि म्हणाला, "कवडी आहे भाऊ यात, अन् ओलाही आहे." बाबा म्हणाले, "पराटीवर तं चांगला होता." यावर तो माणूस नुसता हसला. वर्षभराच्या घामाचा निकाल त्या दोन शब्दांनी लागला. बाबांना कापूस कळत नव्हता असे नाही; त्यांची बोटे त्या माणसाच्या बोटांहून अधिक जाणती होती. पण त्यांच्या बोलण्याला बाजारात किंमत नव्हती. पुढे जिनात काम करताना, आणि नंतर संघटनेत, हा प्रसंग आमच्या मनातून गेला नाही.

आता वाईन चाखतात कशी, ते थोडक्यात सांगतो. काळी द्राक्षे चिरडून रस सालीसकट आंबविला म्हणजे तांबडी वाईन होते. कारण रंग गरात नसतो, सालीत असतो. रस आधीच वेगळा काढून आंबविला की पांढरी होते. काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाईन करता येते ती याचमुळे. चाखणारा प्रथम पेला पांढऱ्या कापडापुढे तिरपा धरतो. तांबडी वाईन जुनी होत जाते तसा तिचा कडेचा रंग विटकरी होतो. पांढरी मात्र वयाबरोबर गडद होते. मग पेला हलवून तो वास घेतो. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. सर्दी झालेल्या माणसास जेवण बेचव लागते ते यासाठी. शेवटी घोट तोंडात घोळवून गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा पाहावयाचा आणि तो थुंकून टाकावयाचा. होय, थुंकून! दिवसाला पन्नास नमुने पाहणारा माणूस ते पिऊ लागला, तर दुपारनंतर त्याच्या मतास अर्थ उरणार नाही. तुरटपणा साली-बियांतल्या टॅनिनमुळे येतो. ते लाळेतील प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पडते. आधुनिक शास्त्र त्यास चव न म्हणता स्पर्श म्हणते. आपल्या वैद्यांनी मात्र कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे.

हे सारे साहेबाबरोबर आपल्याकडे आले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका आहे. भडोच बंदरात काय खपते याची यादी त्याने दिली आहे. त्या यादीत मद्य आहे. आणि नुसते मद्य नव्हे, तर इटलीचे अधिक पसंत, त्याखेरीज लाओदिकेयाचे आणि अरबस्तानचे, असा भेद केलेला आहे. राजासाठी उंची मद्य वेगळे! याच पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांचीही नावे येतात. तेथला माल गाड्यांवरून भडोचला जाई. नेवाशास १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले, तेव्हा परदेशी मद्यकुंभांची खापरे मिळाली. भारतात सापडलेली अशी बरीच खापरे रोमची नसून मेसोपोटेमियाकडच्या कुंभांची आहेत, असे अलीकडच्या तपासणीत दिसून आले. ते काही असो. दूरदेशीचा कुंभ गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येत होता, एवढे खरे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरणच आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटले असून, कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावे ज्या त्या देशावरून पडली, असे सांगितले आहे. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील आजचे बेग्राम. कापिशायन हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीनेही एक सूत्र खर्ची घातले आहे. म्हणजे गाव हीच मालाची ओळख, ही कल्पना फ्रान्सच्या कितीतरी आधी या भूमीस ठाऊक होती.

फ्रान्सची गोष्ट पाहण्याजोगी आहे. १८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी बोर्दो प्रांतातील वाईनची प्रतवारी करावयाचे ठरले. ती कोणी केली? मळ्यातल्या माणसाने नव्हे, दलालांनी केली. आणि कशावरून? मुख्यतः बाजारात आजवर मिळालेल्या भावावरून. तांबड्या वाईनचे पाच वर्ग पाडले गेले, गोड पांढऱ्यांची वेगळी प्रतवारी झाली. ज्यास भाव होता त्यास वर्ग मिळाला, आणि वर्ग होता म्हणून पुढे भाव मिळत राहिला. तांबड्या वाईनच्या पहिल्या वर्गात नवे नाव जाण्यास १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शातो मूतों एक पायरी वर चढले.

त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडाचे काय चालले होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलची नजर इकडे वळली. अमरावतीचे इंग्रजी नाव 'उमरावती'. त्यावरून आपला कापूस त्या बाजारात 'उमरा' म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे खानदेशचा, मध्यप्रांताचा मालही त्याच नावाखाली गेला. कापिशायन हे नाव मानाचे होते, बोर्दो हे नावही मानाचे झाले. 'उमरा' म्हणजे मात्र आखूड धाग्याचा, जाडाभरडा कापूस, अशी समजूत झाली. गाव आपले, माती आपली, आणि त्या नावाचा अर्थ ठरविणारा हजारो मैलांवरचा दलाल!

परंतु नावाचा अर्थ केवळ दलालच ठरवितो असे नाही. दक्षिण फ्रान्समधील लांगदोक प्रांतात १९०७ साली द्राक्षे पिकविणारे रस्त्यावर उतरले. वाईनचे भाव कोसळले होते, आणि साखर-पाणी घातलेला बनावट माल अस्सल म्हणून विकला जात होता. मार्सेलँ आल्बेर हा एका खेड्यातला मळेवाला आणि कॉफीगृहाचा मालक. तो त्यांचा पुढारी. जूनमध्ये मोंपेलिए येथे लाखोंची सभा झाली. नार्बोन शहरात सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. तेव्हा त्याच भागातल्या पोरांची भरती असलेल्या १७ व्या पायदळ पलटणीने आपल्या लोकांविरुद्ध उभे राहण्यास नकार देऊन बंड केले. महिना संपण्यापूर्वी भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे १९३५ साली, कोणत्या गावचे नाव कोणत्या मालावर लावता येईल, याची कायदेशीर व्यवस्था झाली. आज श्रीमंतांच्या मेजावरची बाटली ज्या चिठ्ठीमुळे अस्सल ठरते, त्या चिठ्ठीमागे शेतकऱ्यांचे रक्त आहे, हे फारच थोड्यांस माहीत असते.

मग चाखणाऱ्यांची जीभ तरी अचूक असते काय? २००१ साली बोर्दो येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाईन ठेवली आणि तीच वाईन बिनवासाच्या रंगाने तांबडी करूनही ठेवली. तांबड्या रंगाच्या पेल्याचे वर्णन त्यांनी तांबड्या वाईनला शोभणाऱ्या शब्दांनी केले! डोळ्याने नाकास फसविले. त्यापूर्वी २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चाखणी केली, आणि तांबड्या व पांढऱ्या दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियास गेला. नाव झाकले की जीभ खरे बोलते! यावरून चाखणे हे सारे ढोंग आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही तो काढीत नाही. चाखणे ही विद्या आहे. परंतु इतर विद्यांप्रमाणे तिलाही तपासणी लागते आणि सर्वांना कळणारे शब्द लागतात. कॅलिफोर्नियातील अ‍ॅन नोबल या बाईंनी १९८४ साली वासांचे एक चक्र प्रसिद्ध केले. 'राजस', 'खानदानी' असले मोघम शब्द बाजूस सारून, लिंबू, मिरी, ओले गवत, धूर अशा वस्तूंची नावे घ्यावीत, हा त्यामागचा विचार.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा १९८० नंतर नारायणगावास श्यामराव चौगुले यांनी उभा केला. नाशकास राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली निघाली, आणि २००१ साली शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले. एका सभेनिमित्त नाशकास गेलो असता आम्ही तेथील एक कारखाना पाहिला. दाखविणारा तरुण मोठा सज्जन होता. तांबडीचा पेला हाती देऊन तो "ब्लॅकबेरी, चेरी, सीडर" असे पाठ केलेले म्हणू लागला. आम्ही तिघे वऱ्हाडातले. यांपैकी एकही फळ आमच्या अंगणातले नाही. आमच्याबरोबर जिनात हमाली केलेला एक सोबती होता. त्याने वास घेतला, एक घोट तोंडात घोळवून थुंकला आणि म्हणाला, "जांभूळ हाय, अन् मागून कच्च्या सुपारीवानी तोंड आवळते." पांढरीचा वास घेऊन म्हणाला, "पेरू, अर्धाकच्चा." तो तरुण थबकला आणि हसून म्हणाला, "काका, हेच मला पाहुण्यांना सांगायला पाहिजे."

त्या दिवशी आम्हांस बाबांची आठवण झाली. जाणण्याची शक्ती कोणा एका वर्गाची मिरास नाही. वर्षानुवर्षे कापूस, मोह, चिंच, जांभूळ हाताळणाऱ्या माणसाचे नाक आणि बोटे तयारच असतात. कमी असतो तो, आपला शब्द बाजारात टिकेल, हा विश्वास. आणि तो टिकविणारी संघटना.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चाखून थुंकणाऱ्यांच्या जगाशेजारी, न चाखता गिळणाऱ्यांचे जग आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती गरीब वस्तीतली, कष्ट करून पोट भरणारी होती. तेथे कोणी रंग पाहिला नाही, वास घेतला नाही. मिथेनॉल तर वासावरून ओळखूही येत नाही. एकाच्या पेल्यास शंभर विशेषणे आणि दुसऱ्याच्या पेल्यात काय आहे हे सांगणारा कोणी नाही, ही विषमता आम्हांस मद्यापेक्षाही अधिक घातक वाटते. म्हणून आमचे मागणे साधे आहे. पिणे न पिणे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तर न पिण्याचाच सल्ला देऊ. परंतु आपल्या हातून जे पिकते, जे घडते, त्याचे वर्णन करण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पुढल्या वेळी कोणी मुठीत कापूस घेऊन त्यास नाव ठेवील, तेव्हा आपणही दुसरी मूठ भरावी, धागा ओढावा आणि त्याची लांबी सर्वांदेखत सांगावी.