एक्क्यापासून बेसपर्यंत

१९८८चा श्रावण. तुम्ही आठ वर्षांचे आहात, वजन जेमतेम वीस किलो. वरळी कोळीवाड्यातल्या एका गल्लीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, बगलेत हात घालून तुम्हाला कोणीतरी वर उचलतंय. पाऊस आत्ताच थांबलाय. बोंबील सुकवायच्या बांबूंच्या रांगा ओक्याबोक्या आहेत, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या आहेत, कारण नारळी पौर्णिमा व्हायची आहे आणि दर्या अजून खवळलेला आहे. बंदरावरून माहीमच्या बाजूला पाहिलं तर नुसता काळोख. सागरी सेतूचं नावही कोणी घेत नाही.

तुम्हाला का निवडलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला वाटतं, तुम्ही लहान आहात म्हणून. पण लहान पोरं गल्लीत पन्नास आहेत. दहीहंडी पथकाचे थर लावणारे काका चार दिवस बंदरावर बसून बघत होते. तुम्ही होडीच्या काठावरून चालता तेव्हा हात पसरत नाही, आणि पाय घसरला तर ओरडत नाही, गप्प बसता. काकांना हे दुसरं जास्त आवडलं. वर गेल्यावर किंचाळणारं पोर खालच्या तीस जणांना घाबरवतं.

“पाय मानेला चिकटव. खांद्याच्या टोकावर नको, मानेजवळ,” काका खालून सांगतात. तुम्ही एकाच्या कमरेच्या कापडात अंगठा रुतवता, दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकता आणि चढता. मानेजवळ पाय ठेवला की वरचं वजन सरळ खालच्याच्या पाठीच्या कण्यातून पायात उतरतं. टोकावर ठेवला की खांदा खचतो आणि सगळा थर एका बाजूला झुकतो. हे तुम्हाला पुढे कळेल. आत्ता फक्त पायाखाली घामानं ओली झालेली कातडी आहे आणि तिच्याखाली थरथरणारा स्नायू.

“खाली बगू नको रं पोरा. भिंतीकडं बग.”

पाचव्या थरावर तुम्ही एकटे. तुम्हीच एक्का. डोक्याला शिरस्त्राण नाही, कमरेला दोर नाही, खाली गादी नाही, आहेत ते फक्त गर्दीचे वर केलेले हात. हे लिहिताना मला त्या काकांचा राग येत नाही, पण त्या आठ वर्षांच्या पोराची काळजी आजही वाटते. त्या काळी प्रत्येक वाडीत आणि चाळीत असंच चालायचं, आणि सगळ्यांनी ते कौतुकानं पाहिलं.

आता १९९४. तुम्ही चौदा वर्षांचे, आवाज फुटलेला, वजन बेचाळीस. गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटतो आणि काका तुमच्या चुलत भावाला वर चढवतात. तुम्हाला त्याच्या खाली. तुम्ही गोलफादेवीच्या टेकडीवर जाऊन एकटेच बसता. काका मागून येतात, समजूत काढत नाहीत, हिशेब सांगतात.

सहा थर लावायचे. खाली बेस, त्यावर दुसऱ्या थराला सहा जण, तिसऱ्याला तीन, आणि वर तीन एक्के. तिसऱ्या थरातले तिघे साठ-साठ किलोचे. एक्के पन्नास, बेचाळीस आणि बत्तीसचे, म्हणजे तिन्ही मिळून एकशे चोवीस. तिसऱ्या थरातल्या प्रत्येकावर साधारण एक्केचाळीस किलो येतात. दुसऱ्या थरावर तिघांचे एकशे ऐंशी आणि एक्क्यांचे एकशे चोवीस, एकूण तीनशे चार. सहा जणांत वाटले की माणशी पन्नास-एक्कावन्न. बेसमधल्या ज्यांच्या खांद्यावर दुसरा थर उभा आहे, त्यांच्यावर याच्यात त्या माणसाचं स्वतःचं वजन वाढतं, म्हणजे एकशे पंधराच्या घरात.

“मग सगळ्यात जास्त त्रास कोणाला?” काका विचारतात. तुम्ही बेस म्हणता. काका मान हलवतात. बेसचे पाय जमिनीवर आहेत, मागून पन्नास हात रेटत आहेत. खालचा एक्का पन्नास किलोचा आहे, त्याच्यावर चौऱ्याहत्तर किलो आहेत, बाजूला धरायला कोणाचा खांदा नाही, आणि त्यानं उभं राहायचं आहे ते तीन हलत्या माणसांवर. त्या जागी ताकदीचा पोरगा ठेवला आणि तो उतावळा निघाला, तर मनोरा गेला. तिथं सोसणारा लागतो. “तुला मधला एक्का केला तो एवढ्यासाठी, की दोन वर्षांनी तू खालचा होशील,” काका म्हणतात. रुसवा लगेच जात नाही, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही सरावाला जाता.

वर्षं गेली तसे तुम्ही खाली येत राहता. पथकात शरीराचं वय असंच मोजलं जातं. २००१मध्ये तुम्ही दुसऱ्या थरात आहात. ही जागा कोणाला नको असते, कारण फोटोत बेसचे चेहरे दिसतात, एक्क्याचे हात दिसतात, दुसऱ्या थराची फक्त पाठ दिसते. इथे काका उंची बघतात. वजन कमी-जास्त चालेल, पण खांदे एका पातळीत हवेत. एकाचा खांदा दोन बोटं वर असला तरी वरच्याचा गुडघा वाकतो. म्हणून ते सगळ्यांना भिंतीशी उभं करतात आणि खडूनं खांद्याची रेघ मारतात. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कडं केलं की डोकी आत, नजर खाली. वर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. बाहेरून काकांची हाक येते: बस, थांब, उठ. तिसरा थर तुमच्या खांद्यांवर उकिडवा बसलेला असतो, वरचे चढले की एकेक थर उठतो. उठताना झटका बसतो, तो दुसऱ्या थरानंच गिळायचा.

स्पेनमधल्या कॅटेलोनियातल्या मानवी मनोऱ्यांत काकांच्या हाकेचं काम वाद्यं करतात. तिथे कास्टेल, म्हणजे असा मनोरा, उभा राहत असताना ग्राल्या नावाचं सनईसारखं वाद्य वाजतं, आणि तळाच्या गर्दीत दबलेल्या माणसाला सुरावरून कळतं की मनोरा कुठवर आला. त्यांचा सगळ्यात वरचा मुलगा किंवा मुलगी म्हणजे एनशानेता. २००६मध्ये मातारो गावच्या मनोऱ्यावरून पडून एक मुलगी गेली, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आलं. आणखी एक गोष्ट आपण त्यांच्याकडून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: मनोरा नुसता पूर्ण झाला तर गुण कमी, सुखरूप उतरला तर जास्त. उतरताना माणसं दमलेली असतात आणि लक्ष सुटलेलं असतं. आपल्याकडे हंडी फुटली की सगळे नाचायला लागतात, आणि थर अजून उभाच असतो.

२०१२. तुम्ही बत्तीस वर्षांचे, बेसमध्ये. आता बंदरावरून सागरी सेतूचे दिवे दिसतात. ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावले, ४३.७९ फूट, स्पेनचा १९८१चा विक्रम मोडला. बक्षिसं लाखांत गेली आहेत. गल्लीतली पोरं विचारतात, आपण आठ का लावत नाही? काका आता थकलेत, पण अजून तेच ठरवतात. ते बेसमधल्या प्रत्येकाला एकटं गाठून एकच विचारतात, “जमत नसेल तर कधी बोलशील?” जो म्हणतो मी कधीच बोलणार नाही, मरेन पण हलणार नाही, त्याला ते बाहेरच्या कड्यात हात द्यायला पाठवतात. जो म्हणतो, तिसरा थर चढायच्या आत सांगेन, तो आत. बेसला माणूस बसायचा तो या उत्तरावर. दंड कितीही भरलेले असोत.

अमेरिकेतल्या चिअरलीडिंगच्या संघांतही निवड याच चाळणीतून होते. खाली बेस, मागे झेलणारा, वर फ्लायर. उंची जुळवणं, वजन जुळवणं, आणि वरच्या मुलीचा तोल जाताच खालची मुलं हात काढतात की पुढे करतात ते बघणं. महाविद्यालयीन संघांना तिथे अडीच माणसांच्या उंचीची मर्यादा आहे. आपल्या गल्लीत अडीच माणसांवर अजून तिसरा थर धड उठलेला नसतो.

मग २०१४चा ऑगस्ट. मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फिरून परत आलं. २०१७च्या ऑगस्टात उंचीची अट गेली; चौदा वर्षांखालचं मूल थरावर नको, एवढं राहिलं. लोक परंपरेबद्दल तावातावानं बोलले. तुमच्यापुढे मात्र हिशेबच नवा आला. काका गेले आहेत आणि थर लावायची वही आता तुमच्याकडे आहे. बत्तीस किलोच्या पोराच्या जागी चौदा-पंधरा वर्षांचा, अठ्ठेचाळीसचा मुलगा चढवायचा. सोळा किलो वाढले ते सगळे आधी मधल्या एक्क्यावर आणि मग खालच्या एक्क्यावर. खालच्या एक्क्यावरचे चौऱ्याहत्तर आता नव्वद झाले. म्हणजे तो पन्नासचा चालत नाही, साठचा लागतो. तो साठचा झाला की तिसऱ्या थराचे तिघे सत्तरचे. वरचं एक माणूस बदललं आणि वहीतली सगळी नावं खोडावी लागली. माझ्या मते हंडीला आजवर झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. लहान मूल होतं तोवर थरांमधल्या चुका त्याच्या हलक्या वजनात झाकल्या जात होत्या.

२०२२मध्ये सरकारनं हंडीला साहसी खेळ म्हटलं, विमा आला. ३१ ऑगस्ट २०२३ला वरळीतच, एनएससीआयच्या डोममध्ये, प्रो गोविंदाची पहिली स्पर्धा झाली. तुम्ही प्रेक्षकांत बसून पाहता. खाली गाद्या, वर दिवे, आणि घड्याळ. घड्याळ आलं की निवड पुन्हा फिरते: सोसणाऱ्यापेक्षा चटकन चढणारा वर जातो, जाड कडं पातळ होतं. तुम्ही वहीत टिपता, पण आपल्या गल्लीला ते लावत नाही. गल्लीत गाद्या नाहीत.

आणि आता २०२५चा ऑगस्ट, गोपाळकाला पाच-सहा दिवसांवर. दहिसरला सरावात अकरा वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून पडून गेल्याची बातमी आजच सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. इकडे नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यावर गेल्या. कोळीवाड्यात थर लावणाऱ्याला दरवर्षी हा पेच पडतो: सराव होतो तेव्हा खलाशी घरी, आणि हंडीच्या आठवड्यात बेसमधले चौघे समुद्रावर. त्यांच्या जागी आयटीआयची पोरं आहेत, अंगानं बरी, पण त्यांची पाठ अजून कोणी पाहिलेली नाही. दुसऱ्या थरातल्या डावीकडच्या नव्या पोराचे गुडघे लटपटतात. तो ते सांगत नाही.

“दादा, सात थर लावायचेत ना?” कोणीतरी विचारतं. तुम्ही सातव्या ओळीवर काट मारता. कुरबुर होते. ठाण्यात म्हणे या वर्षी दहा लागणार, एक जण सुनावतो. लागतीलही, त्यांच्याकडे दहा लावायची माणसं आहेत. आपल्याकडे आज सहाची आहेत.

एक बाप पोराला पुढे ढकलतो. “दादा, हलका आहे, तीस किलो फक्त. वर घे.”

“वय?”

“बारा.”

“अजून दोन वर्षं.”

पोराचा चेहरा पडतो. तुम्ही त्याला भिंतीपाशी उभं करता आणि दुसऱ्या थराचे गुडघे दाखवता. “यांच्यावर लक्ष ठेव. कोणाचे हलले की हाक मार, लाजू नको.”

सराव पुन्हा सुरू होतो. दुसरं कडं बसतं, तिसऱ्याचा पाय मानेजवळ पडतो, आणि त्याच क्षणाला पोराची खणखणीत हाक येते:

“दादा, डावीकडचा!”

“उतरा,” तुम्ही म्हणता, आणि सगळे वरून एकेक करून, सावकाश उतरायला लागतात.