पेणची माती, बोर्डीचे शिंपले

पेण तालुक्यातल्या गागोदे गावात भाव्यांच्या घरी गणपती विकत आणला जात नसे. आजोबा शंभुराव मूर्ती घरीच करत आणि तिच्यासाठी चंदन उगाळायचं काम मुलांकडे असे. त्या मुलांतला एक विनायक, ११ सप्टेंबर १८९५ चा जन्म. पुढे देश त्याला विनोबा म्हणून ओळखू लागला. खोड सहाणेवर किती दाबायचं, पाणी किती शिंपडायचं, गंध पातळ झालं तर मूर्ती का उभी राहत नाही, हे सगळं त्या लहान हातांना सहाणेपाशीच कळलं असणार. आणि इतकी मेहनत घेऊन घडवलेली मूर्ती काही दिवसांनी स्वतःच पाण्यात सोडायची. आजच्या भाषेत याला ‘शैक्षणिक उपक्रम’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

तेव्हाच्या शाळेत मात्र असल्या गोष्टींना जागा नव्हती. पंतोजींच्या परंपरेत धूळपाटी, पावकी-निमकीची घोकंपट्टी आणि छडी एवढंच साहित्य. खेळ म्हणजे शाळा सुटल्यावरची गोष्ट. जत्रेतली शिट्टी नाहीतर भिंगरी सोडली, तर खेळणं विकत घ्यायचं असतं हे पेण-रोह्याच्या बहुतेक घरांना ठाऊकही नव्हतं.

त्याचं कारण कुंडलिका आणि भोगावतीच्या काठांवर फिरलं की समजतं. उन्हाळ्यात ताडगोळे खाऊन उरलेल्या दोन कवट्या काठीच्या आसाला लावल्या की गाडी तयार. चाकं सारखी नसली तर ती एका बाजूला ओढते, मग पोरगं स्वतःच दुसरी कवटी शोधतं. पावसाच्या तोंडावर उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासली की पिपाणी. कमी घासली तर वाजत नाही, जास्त घासली तर फुकट जाते. माडाच्या पातीची भिंगरी, घड्याळ, साप. आणि श्रावणातले सागरगोटे! किनाऱ्यालगतच्या काटेरी वेलीच्या त्या राखाडी, गुळगुळीत बिया. एक वर उडवायची, ती खाली यायच्या आत जमिनीवरची एक उचलायची, मग दोन, मग तीन. गणित, नजर आणि बोटं यांचा इतका नेमका मेळ घालणारं खेळणं कुणा तज्ज्ञाने आखलं असतं, तर त्याच्या नावावर ते नोंदलं गेलं असतं.

युरोपात असं नोंदलं जात होतं. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ पासून लोकरीचे चेंडू, लाकडी गोल आणि ठोकळे ठरावीक क्रमाने मुलांच्या हाती द्यायला सुरुवात केली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या मुक्कामात ही पद्धत अभ्यासली आणि १८८९ मध्ये शारदा सदन काढण्यासाठी परतताना ती सोबत आणली. पुढे १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरीने बालगृह उघडलं. तिच्या दट्ट्यांच्या पेटीतला प्रत्येक दट्ट्या एकाच भोकात नीट बसतो. चूक झाली तर शेवटी एक दट्ट्या उरतोच, बाईंना ओरडावं लागत नाही. ताडगोळ्याच्या गाडीचं तत्त्व याहून फार वेगळं नाही. फरक इतकाच, की पेटी महाग होती.

त्या महागाईशी पहिली गाठ पडली ती गुजरातेत. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं आणि तीनेक वर्षांत ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. इथे एक गमतीचा योगायोग सांगायलाच हवा. पेणचे मूर्तिकार गणपतीसाठी जी शाडूची माती वापरतात, ती भावनगरच्याच बाजूची. ज्या भागातून मूर्तिकारांची माती कोकणात येते, त्याच भागातून महाराष्ट्राची बालवाडीही आली.

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं. तिथवर माँटेसरीचं साधन परवडत होतं, कारण पालक शहरातले होते. १९४५ मध्ये त्या किनाऱ्यावरच्या बोर्डी गावी गेल्या तेव्हा समोर आदिवासी पाड्यांवरची मुलं होती. दट्ट्यांची पेटी तिथे न्यायची कशी, मोडली तर दुरुस्त कोण करणार? ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पेटी बाजूला ठेवली, पेटीमागचा विचार मात्र ठेवला. शिंपले, बिया, खडे, पानं आणि माती हेच साधन झालं. लहान-मोठं लावणं, रंगांची प्रतवारी, मोजणं, सगळं त्यातून होऊ लागलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी, शाळा कुरणावर गेली. मराठी मुलुखात मुलांसाठी साधन निवडण्याची खरी कसोटी इथे तयार झाली, असं म्हणायला हरकत नाही: हरवलं तर पुन्हा मिळेल का, आणि मोठ्या माणसाशिवाय मुलाला ते वापरता येईल का?

अर्थात झाडावरचं सगळंच मुलाच्या हाती देण्याजोगं नसतं. लालबुंद, काळ्या ठिपक्याची गुंज मोजायला सुरेख, सोनारही तिने वजन करत. पण ती चावली गेली तर जिवावर बेतू शकते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सागरगोटाही नको. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा सरकारी कारभार झाला. इकडे रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ मध्ये पोचली. मुंबईची बाजारपेठ जवळ आली आणि प्लॅस्टिकची खेळणीही. बॅटरीवर एबीसीडी म्हणणारं बदक, बटण दाबलं की टाळ्या वाजवणारी पाटी. यात कष्ट खेळणं घेतं आणि मूल बघत बसतं. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली, हे उत्तम झालं. रंगातलं शिसं, टोकदार कडा, गिळता येतील असे तुकडे यांवर त्यामुळे बंधन आलं. मुलाला त्यात काय करता येईल, हे मात्र ती खूण सांगत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी आणि बाहुल्या आहेत. पाड्यावरच्या अंगणातली कल्पना आता दिल्लीहून पेटीत बंद होऊन येते.

पेणमध्ये दरम्यान मातीच बदलली. शाडू भिजवला की पुन्हा मळता येतो, मोडलेला उंदीर संध्याकाळी मोदक होऊ शकतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग होऊन एकदाच घट्ट होतं, होताना तापतं आणि मग मुलाला त्यात काही फिरवता येत नाही. हलकं, स्वस्त आणि झटपट म्हणून पेण-हमरापूरच्या कारखान्यांत ते मोठ्या प्रमाणावर आलं. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याच्या मूर्तींवर बंदी घातली आणि मोठा वाद झाला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवण्याची वाट मोकळी केली. नद्या, रोजगार आणि श्रद्धा यांवर पुष्कळ बोललं गेलं. कारखान्यात उरलेल्या मातीशी खेळणाऱ्या मुलाचा विषय त्यात निघायचं कारण नव्हतं.

गणपतीच्या आधी शाळाशाळांतून शाडूच्या कार्यशाळा भरतात. कुठे मुलाच्या हाती साचा देतात. तो दाबला की पाच मिनिटांत देखणी मूर्ती होते आणि पालकांना फोटो पाठवता येतो. कुठे नुसता गोळा देतात. मग एका मुलाच्या गणपतीची सोंड गळून पडते, दुसऱ्याचा गणपती उंदराएवढाच होतो आणि वर्गात चिखल होतो. तासभर तरी कुणी जागेवरून उठत नाही.