तीन रकान्यांची साक्ष

संगणकयुगाचा इतिहास म्हणून कंपन्यांचा आणि संस्थापकांचा इतिहास उदंड लिहिला जातो, अवजारांचा क्वचितच. म्हणून ‘सेलेनियम’ची हकीकत मला नोंदवावीशी वाटते. तिचा उगम कामाचे तास आणि खर्च नोंदवण्याच्या एका रुक्ष प्रणालीत आहे.

२००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत, जेसन हगिन्स अशा अंतर्गत प्रणालीवर काम करत होते. प्रकल्पाचा अहवाल अशा नोंदींवरच उभा राहतो. नोंद चुकली की अहवाल चुकला. म्हणून प्रत्येक बदलानंतर तेच पान उघडायचे, तेच रकाने भरायचे, तीच बटणे दाबायची. हगिन्स यांनी ब्राउझरकडूनच हे करवून घेणारा जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिला. चाचणीच्या धंद्यात तेव्हा ‘मर्क्युरी’ कंपनीचा दबदबा होता. पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा, या थट्टेतून नाव पडले.

चाचणी लिहायची ती तीन रकान्यांच्या तक्त्यात: आज्ञा, पानावरची जागा, मूल्य. २००६ साली जपानच्या शिन्या कासातानी यांनी फायरफॉक्ससाठी केलेले एक्स्टेन्शन या प्रकल्पाला देऊन टाकले. माणूस पानावर जे करी ते टिपून तक्ता आपोआप तयार होई. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही चाचणी करता येऊ लागली. पुण्यातल्या टेस्टिंगच्या क्लासांत सेलेनियम आजही शिकवतात.

पण एक्स्टेन्शन हे ब्राउझरच्या घरातले भाडेकरू. जुनी एक्स्टेन्शने ब्राउझरच्या अंतर्भागात थेट हात घालत; वेग आणि सुरक्षिततेसाठी फायरफॉक्सने ती वाट बंद करायला घेतली. २०१७ साली फायरफॉक्सच्या ५५व्या आवृत्तीत हे अवजार बंद पडले. ते नव्याने लिहायला पुरेसे हात नव्हते. पुढच्या वर्षी नवा अवतार आला, तो क्रोमवरही चालणारा.

अवजार थांबले, तरी त्याचे तक्ते वाचता येत राहिले, कारण ते साध्या एचटीएमएलमध्ये होते. मला या गोष्टीचे मोल मोठे वाटते. मूळ प्रणाली नष्ट झाली तरी तिच्या पानावर कोणते रकाने होते, कोणते बटण आधी दाबले जाई, उत्तर काय अपेक्षित होते, हे अशा तक्त्यावरून कळते. पेढी बुडाल्यावरही तिची रोजकीर्द बोलते, तसेच हे. कार्यालये जुनी प्रणाली काढताना अहवाल जपतात आणि चाचण्या पुसतात. अहवालात निष्कर्ष असतो. तो कसा तपासला, याची साक्ष चाचणीत असते. दप्तरात दोन्ही राहिली पाहिजेत.