इशारा कुणाचा, निर्णय कुणाचा?

१८५७ सालच्या वसंतात पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असून विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. महूच्या परिसरात वाटेत त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. थोड्याच दिवसांत मोठा दंगा उसळणार आहे, तेव्हा पुढे जाऊ नका, असे त्या शिपायांनी भटजींना बजावले. काका-पुतण्यांनी आपसांत विचार केला आणि ते पुढे गेले. पुढची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आतून पाहिला, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन जवळजवळ रित्या हाताने घरी परतले. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपल्याला मिळाले, ते या मानल्या न गेलेल्या इशाऱ्यामुळेच.

या प्रसंगातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इशारा देणारे कंपनी सरकार नव्हते, तर जे बंड करणार होते त्यांच्याच गोटातली ती माणसे होती. माहिती त्यांच्याकडे होती, कारण संकटही तेच आणणार होते. प्रवाशाला मिळणाऱ्या इशाऱ्यांचा इतिहास पाहू लागलो, की हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. सांगणारा कोण आहे? तो आताच का सांगतो आहे? आणि ऐकणाऱ्याने त्यावरून काय ठरवावे?

हे प्रश्न मला पुस्तकातून सुचले नाहीत. २०२५ च्या ३ मे रोजी आम्हा आठ जणांची श्रीनगरची तिकिटे काढलेली होती. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसे मारली गेली. त्यांतले सहा जण महाराष्ट्रातले होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचे एक. त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात जो वाद चालला, तो त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या हजारो घरांत चालला असेल. त्या वादाचा निकाल शेवटी सांगतो. आधी इतिहास पाहू.

*

१ मे १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत एक छोटी सूचना छापून आली. ती वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीने दिली होती आणि तिच्यावर २२ एप्रिलची तारीख होती. जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू आहे, ब्रिटिश बेटांभोवतालचा समुद्र युद्धक्षेत्रात मोडतो, ब्रिटिश निशाणाची जहाजे तिथे बुडवली जाऊ शकतात आणि त्यांतून जाणारे प्रवासी स्वतःच्या जोखमीवर जातील, असा तिचा आशय होता. काही वृत्तपत्रांत ती क्युनार्ड कंपनीच्या जाहिरातीला लागूनच छापली गेली. त्याच दिवशी त्या कंपनीचे ‘लुसिटानिया’ हे जहाज न्यूयॉर्क बंदरातून सुटले. ७ मे रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक एका जर्मन पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला आणि अवघ्या अठरा मिनिटांत ते बुडाले. जहाजावरच्या १,९५९ माणसांपैकी सुमारे बाराशे मृत्यू पावली. त्यांत १२८ अमेरिकी नागरिक होते.

प्रवाशांनी सूचना वाचली नव्हती असे नाही. धक्क्यावर तिचीच चर्चा होती. पण इतके मोठे, इतके वेगवान आणि प्रवाशांनी भरलेले जहाज कुणी बुडवील, यावर लोकांचा विश्वास बसला नाही. शिवाय धमकी शत्रूची होती. शत्रूच्या धमकीला घाबरून तिकीट रद्द करणे अनेकांना कमीपणाचे वाटले. धमकी आणि इशारा यांत फरक करणे खरोखरच अवघड असते. दोन्हींतली माहिती एकच असू शकते, हेतू मात्र वेगळा असतो.

अमेरिकेच्या स्वतःच्या सरकारने काय केले, हा या घटनेतला अधिक बोधप्रद भाग आहे. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे मत असे होते, की युद्धात उतरलेल्या देशांच्या जहाजांतून प्रवास करू नका, असे आपल्या नागरिकांना सरकारने सांगायला हवे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना ते पटले नाही. तटस्थ देशाच्या नागरिकाला समुद्रावर मुक्तपणे फिरण्याचा हक्क आहे, आणि नागरिकांना जाऊ नका म्हणणे म्हणजे तो हक्क आपणच सोडून देणे, असे त्यांचे म्हणणे. जून १९१५ मध्ये ब्रायन यांनी राजीनामा दिला. १९१६ च्या आरंभी अमेरिकी संसदेत असा इशारा देण्याविषयीचे गोर–मॅक्लेमोर ठराव आले, तेव्हा विल्सन यांनी सारे वजन खर्चून ते बाजूला सारायला लावले. पुढे काळ बदलला. १९३५ च्या तटस्थता कायद्याने असा प्रवास स्वतःच्या जोखमीवर होईल असे जाहीर केले आणि १९३७ मध्ये त्यावर सरळ बंदीच घातली.

म्हणजे वीस वर्षांत एकाच देशाने तीन भूमिका घेतल्या. आधी इशारा देणे नामुष्कीचे ठरले, मग इशारा देऊन हात झटकणे योग्य ठरले आणि शेवटी बंदी आवश्यक ठरली. समुद्रातला धोका प्रत्येक वेळी सारख्याच प्रकारचा होता. बदलले ते देशाचे राजकारण. विल्सन यांना प्रवाशांच्या जिवाची पर्वा नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सरकार इशारा देते किंवा देत नाही, तेव्हा प्रवाशाचा जीव ही त्याच्यापुढची एकमेव बाब नसते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

*

दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. ५ डिसेंबर १९८८ रोजी हेलसिंकीच्या अमेरिकी दूतावासात एक निनावी दूरध्वनी आला. येत्या दोन आठवड्यांत फ्रँकफुर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲम कंपनीच्या विमानात बॉम्ब ठेवला जाईल, असे बोलणाऱ्याने सांगितले. ही माहिती विमान कंपन्यांना आणि दूतावासांना कळवली गेली. मॉस्कोच्या अमेरिकी दूतावासात तर ती फलकावर लावली गेली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ती वाचता आली. सामान्य प्रवाशाला मात्र कुणी काही सांगितले नाही. २१ डिसेंबरला पॅन ॲमचे १०३ क्रमांकाचे उड्डाण स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर स्फोटाने फुटले. विमानातली २५९ आणि जमिनीवरची ११ अशी २७० माणसे गेली.

पुढे तपासात निष्पन्न झाले, की हेलसिंकीचा तो दूरध्वनी थापेबाजीचा होता आणि प्रत्यक्ष कटाशी त्याचा संबंध नव्हता. इशारा खोटा होता, तरी विमान फुटले. पण मृतांच्या नातेवाइकांचा प्रश्न इशारा खरा की खोटा हा नव्हताच. सरकारी नोकराला जे कळते ते नागरिकाला का कळू नये, हा तो प्रश्न होता. त्यातून १९९० साली अमेरिकेत कायदा झाला आणि ‘दोन मापे नाहीत’ हे धोरण पक्के झाले. सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना ज्या धोक्याविषयी सावध करील, त्याविषयी तिथल्या आपल्या सर्व नागरिकांनाही सावध केले पाहिजे, असे हे धोरण सांगते.

याचा एक परिणाम आज सगळे जग अनुभवते. माहिती दडवल्याचा ठपका येण्यापेक्षा चार इशारे जास्त दिलेले बरे, असा सरकारी खात्यांचा कल झाला. अमेरिकेने २०१८ पासून प्रत्येक देशाला एक ते चार अशी पातळी द्यायला सुरुवात केली. भारताच्या पानावर जम्मू-काश्मीर चौथ्या, म्हणजे ‘जाऊ नका’ या पातळीवर आहे. लडाखचा पूर्व भाग आणि लेह तेवढे त्यातून वगळलेले आहेत. त्याच पानावर माओवादी कारवायांचा प्रदेश म्हणून पूर्व महाराष्ट्राचेही नाव आहे. आपण चंद्रपूरला लग्नाला जातो, ताडोब्याला वाघ पाहायला जातो, आणि आपण इशाऱ्याच्या प्रदेशात आलो आहोत हे मनातही येत नाही. तो इशारा खोटा नव्हे. गडचिरोलीच्या जंगलात काय घडत आले आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण कुठल्या रस्त्याला काय आहे हे आपल्याला माहीत असते, आणि दूरच्या माणसाला सगळा जिल्हा एकाच रंगात दिसतो.

*

आता काश्मीर. १९८८ मध्ये खोऱ्यात सुमारे सात लाख पर्यटक आले होते. दहशतवाद सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांत ही संख्या काही हजारांवर आली. पाश्चात्त्य देशांनी आपल्या नागरिकांना तिथे न जाण्याचा सल्ला दिला. तरीही गिर्यारोहक येत राहिले, आणि जुलै १९९५ मध्ये पहलगामच्या वरच्या कुरणांमधून ‘अल फरान’ नावाच्या गटाने सहा परदेशी पर्यटकांचे अपहरण केले. एक निसटला, एकाची हत्या झाली, उरलेले चौघे आजवर सापडलेले नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी निघण्यापूर्वी भारतातल्या पर्यटन कार्यालयांत चौकशी केली होती आणि काळजीचे कारण नाही असे उत्तर त्यांना मिळाले होते, हे पुढे नातेवाइकांनी सांगितले. दूरचे सरकार सरसकट नको म्हणते आणि जवळचे खुशाल या म्हणते, तेव्हा प्रवासी साहजिकच जवळच्याचे ऐकतो. पण ज्याचे उत्पन्न येणाऱ्यांवर अवलंबून आहे, त्याच्या निर्वाळ्यालाही हेतू असतोच.

२ ऑगस्ट २०१९ रोजी याच्या उलट घडले. अमरनाथ यात्रेवर दहशतवादी हल्ल्याची माहिती असल्याचे सांगून जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना ताबडतोब खोरे सोडण्याची सूचना केली. तीन दिवसांनी, ५ ऑगस्टला, कलम ३७० अन्वये असलेला राज्याचा विशेष दर्जा काढून घेण्यात आला. १० ऑक्टोबरला ती सूचना मागे घेतली गेली. हल्ल्याची माहिती किती पक्की होती, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येणार नाही. पण विमानतळाकडे धावलेल्या पर्यटकांना पूर्ण कारण सांगितले गेले नव्हते, हे तारखांवरूनच दिसते.

आणि २२ एप्रिल २०२५ ला बैसरनमध्ये जे जमले होते, त्यांना आपल्या सरकारचा कोणताही इशारा नव्हता. पर्यटन वाढते आहे, परिस्थिती निवळली आहे, असेच वर्षानुवर्षे सांगितले जात होते. इशारा आला तो नंतर: हल्ल्याला आठवडा होत असताना ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली गेली. मारल्या गेलेल्या २६ जणांत पर्यटकांना घोड्यावरून वर नेणारा एक स्थानिक काश्मिरीही होता. त्याच्यासाठी इशाऱ्याला काही अर्थच नव्हता. तो तिथलाच होता; तो कुठे परत जाणार होता?

*

इतक्या उदाहरणांवरून काय हाती लागते? इशारे निरुपयोगी आहेत, हा निष्कर्ष सोपा आहे पण चुकीचा आहे. लुसिटानियाचा इशारा अक्षरशः खरा ठरला. हाती लागते ते एवढेच, की इशारा म्हणजे निर्णय नव्हे. ती एक साक्ष आहे, आणि कोणतीही साक्ष तपासतो तशी ती तपासावी लागते. साक्षीदाराला माहिती कशी मिळाली, त्याचे काय पणाला लागले आहे, तो नेमके ठिकाण आणि मुदत सांगतो की सगळा प्रांत अनिश्चित काळासाठी बाद करतो, हे पाहावे लागते. इशारा नसणे हीदेखील एक साक्षच आहे, आणि तीही तितकीच तपासायला हवी. ती आम्ही कधी तपासली नव्हती. जानेवारीत तिकिटे काढताना आम्ही हॉटेलची न्याहारी आणि ट्यूलिपच्या बागेची तारीख पाहिली होती, बाकी काही नाही.

आमच्या घरी जायचे नाही असे ठरले. माझी मावशी एकटी जायच्या बाजूची होती. १९८८ मध्ये ती मावसाजींबरोबर गेली होती आणि पुन्हा जायचे त्यांना वचन देऊन बसली होती. ‘‘आपण गेलो नाही तर मारणाऱ्यांनाच हवं ते मिळेल,’’ ती म्हणाली. तिचे म्हणणे आम्ही कुणी खोडून काढू शकलो नाही. लहान मुलांचे कारण पुढे करून आम्ही तो विषय संपवला. आमच्या गाडीवाल्याला कळवले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मुलांना घेऊन येऊ नका, बरोबर आहे. मोठी माणसं पुढे कधीतरी या.’’ त्याचा हंगाम बुडाला होता आणि तरी त्याने दिलेला तो सल्ला, या दहा दिवसांत आम्हाला मिळालेला सर्वांत विश्वासार्ह सल्ला होता. कारण तो त्याच्या स्वतःच्या तोट्याचा होता.

७ मेला लष्करी कारवाई सुरू झाली आणि श्रीनगरचा विमानतळ काही दिवस बंद राहिला. आम्ही गेलो असतो तर तिथेच अडकलो असतो. नातेवाईक आता म्हणतात, बघा, निर्णय बरोबर ठरला. मला तसे म्हणवत नाही. ठरवताना ७ मे आम्हाला ठाऊक नव्हता, जसा विष्णुभटांना झाशीचा वेढा ठाऊक नव्हता. निर्णय चांगला होता की नाही, हे त्या दिवशी हातात काय होते आणि ते आपण किती प्रामाणिकपणे पाहिले, यावरच ठरवायला हवे. त्या कसोटीला आम्ही निम्मेच उतरलो. मावशीने तिकिटाचे परत आलेले पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. त्यांतले काही तिने गाडीवाल्याला आगाऊ म्हणून पाठवले, तारीख न घालता.