कट्यारीच्या चिन्हाखालचे शब्द

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या छापील खंडांत काही शब्दांच्या डाव्या बाजूस कट्यारीच्या आकाराचे एक बारीक चिन्ह आढळते. शब्द प्रचारातून गेला, एवढेच ते सांगते. तो का गेला, हे सांगत नाही. दुर्बल, कर्कश वा निरुपयोगी शब्द मरतात आणि समर्थ शब्द टिकतात, असा एक समज रूढ आहे. सोळाव्या शतकातील इंग्लंडचा भाषिक इतिहास या समजाला फारसा आधार देत नाही.

प्रबोधनकाळात ग्रीक व लॅटिन ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, तेव्हा धर्म, तर्कशास्त्र, वैद्यक यांतील संकल्पनांसाठी इंग्रजीत शब्द अपुरे पडू लागले. विद्वानांनी लॅटिनमधून मुक्तहस्ताने उसनवारी केली. विरोधकांनी या शब्दांना 'इंकहॉर्न' शब्द, म्हणजे शिंगाच्या दौतीतून निघालेले, लोकांच्या तोंडी नसलेले शब्द, असे हिणवले. टॉमस विल्सन याने १५५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक विडंबनपत्र घातले. धर्मखात्यातील रिकाम्या जागेसाठी लिंकनशायरचा एक गृहस्थ अर्ज करतो, अशी त्या पत्राची कल्पना. गंमत अशी की, त्यात उपहासासाठी योजलेल्या शब्दांपैकी 'इन्जेन्ट' (प्रचंड) आणि 'रेव्होल्यूट' (मनात घोळवणे) हे लुप्त झाले. परंतु 'सेलिब्रेट', 'एक्स्टॉल', 'डेक्स्टेरिटी' आणि 'मन्डेन' हे आज कोणाही सुशिक्षित इंग्रजी वाचकाला परके वाटत नाहीत. ज्यांची एकत्र टर उडवली गेली, त्यांच्यापैकी काहींना दीर्घायुष्य लाभले आणि काहींना नाही.

दुसऱ्या बाजूस स्वभाषेचा आग्रह धरणारे होते. त्यांचा अग्रणी सर जॉन चीक हा केंब्रिज विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक होता, हे लक्षणीय आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने 'सेन्चुरियन'साठी शंभरांचा नायक या अर्थी 'हंड्रेडर', 'लूनॅटिक'साठी चंद्राने झपाटलेला या अर्थी 'मून्ड' आणि पुनरुत्थानासाठी 'गेनरायझिंग' असे देशी शब्द घडवले. हे भाषांतर १८४३ पर्यंत छापले गेले नाही. टॉमस होबीला १५५७ मध्ये लिहिलेल्या पत्रात चीकने आपली भाषा परभाषेच्या उसनवारीपासून शुद्ध राहावी, असे आग्रहाने मांडले. पण 'शुद्ध' या अर्थी त्याने वापरलेला 'प्युअर' हा शब्दच फ्रेंचमधून आलेला होता. पुढे १५७३ मध्ये राल्फ लीव्हर याने तर्कशास्त्राला 'विटक्राफ्ट', निष्कर्षाला 'एन्डसे' आणि व्याख्येला 'सेव्हॉट' म्हणजे 'काय ते सांग' असे शब्द सुचवले. त्यांचा अर्थ शेतकऱ्यालाही उमगावा इतका स्वच्छ होता. तरीही ते रुजले नाहीत. लॅटिन संज्ञा युरोपभरच्या विद्वानांना समान होत्या आणि शाळांतून शिकवल्या जात होत्या. लीव्हरच्या शब्दांमागे त्याच्या ग्रंथाखेरीज कोणतीही संस्था उभी नव्हती. अर्थाची पारदर्शकता हा शब्दाचा गुण खरा. परंतु शब्दाला जगवतो तो वापर.

या निकालाची किंमत लॅटिन न शिकलेल्या वाचकाने मोजली. आपल्याच भाषेतील पुस्तक त्याला दुर्बोध होऊ लागले. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने 'अ टेबल अल्फाबेटिकल' हा सुमारे २५०० शब्दांचा संग्रह प्रसिद्ध केला. केवळ इंग्रजीचा असा हा पहिला कोश मानला जातो. हिब्रू, ग्रीक, लॅटिन व फ्रेंचमधून आलेले कठीण शब्द त्यात सोप्या इंग्रजीत उलगडले होते आणि तो स्त्रिया व इतर अल्पशिक्षित वाचकांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद होते. व्याकरणशाळांची दारे मुलींना बंद असलेल्या समाजात हा उल्लेख पुष्कळ काही सांगून जातो. इंग्रजी कोशवाङ्मयाचा आरंभ भाषेच्या वैभवप्रदर्शनातून नव्हे, तर भाषेत पडलेली दरी बुजवण्याच्या गरजेतून झाला.

शब्दाचा देह टिकून अर्थ मरतो, हाही एक प्रकार आहे. 'सिली' म्हणजे आज मूर्ख. मूळ अर्थ धन्य, सुखी. तेथून निष्पाप, मग केविलवाणा आणि अखेर बुद्धिहीन अशी त्याची उतरंड झाली. 'डीअर' म्हणजे पूर्वी कोणताही पशू. 'किंग लिअर'मध्ये उंदरांसारख्या क्षुद्र प्राण्यांनाही तो शब्द लावलेला आहे. पुढे तो हरणापुरता उरला. संस्कृतातील 'मृग' शब्दाचा प्रवास नेमका असाच आहे. 'मृगेंद्र' आणि 'शाखामृग' या समासांत त्याचा जुना, व्यापक अर्थ अजून जपलेला आहे. इंग्रजीतही 'वेअरवुल्फ' या शब्दात पुरुषवाचक 'वेर' असाच दडून राहिला आहे.

१८५७ मध्ये रिचर्ड ट्रेंच याने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे प्रचलित कोशांतील उणिवा मांडल्या. लुप्त शब्दांची अपुरी नोंद ही त्यांतील एक प्रमुख उणीव होती. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, तिचा परीक्षक नव्हे, ही त्याची भूमिका. तिच्यातूनच जेम्स मरे व त्याच्या सहकाऱ्यांचा महाकोश आकारास आला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पूर्ण झाले. ४,१४,८२५ शब्दांच्या या कोशात मृतांनाही जिवंतांइतकीच काटेकोर नोंद मिळाली. मात्र स्थान मिळण्यासाठी तो शब्द कधीतरी जगलेला असणे आवश्यक होते. राजाचा दुहेरी मुकुट या अर्थाने जुन्या कोशांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवला गेलेला 'अ‍ॅबकॉट' हा 'बायकॉकेट' या टोपीवाचक शब्दाच्या अपभ्रष्ट वाचनातून निपजला होता, हे मरेने दाखवून दिले. अशा शब्दांना वॉल्टर स्कीट याने १८८६ मध्ये 'भुताचे शब्द' असे नाव दिले.

मृत शब्द आणि भुताचा शब्द यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. एकामागे कोणीतरी बोललेला वा लिहिलेला क्षण असतो, दुसऱ्यामागे केवळ नक्कलकाराची चूक. लीव्हरचे 'विटक्राफ्ट' हरले. पण आपल्या माणसांना तर्कशास्त्र आपल्या भाषेत कळावे, ही त्यामागची इच्छा खरी होती. कट्यारीचे चिन्ह त्या इच्छेची नोंद पुसत नाही. ती कोठे थांबली, तेवढे दाखवते.