अक्षराआधीची रेघ



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण आज बडोद्यातील या शाळेत जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर बालवर्गच सांभाळला. म्हणून अक्षराच्या अभ्यासात हयात घालवलेल्या मी आज अक्षराआधीच्या रेघेविषयी बोलायचे ठरवले आहे.

आपल्याकडे शिक्षणाचा आरंभ म्हणजे अक्षरारंभ. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीसमोर बसे आणि ‘ओनामासीधं’ म्हणत धुळीत अक्षरे गिरवी. चुकले की हात फिरवून पुसायचे. या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या वळणदार अक्षर घडवले, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु पंतोजींकडे येण्यापूर्वी त्याच मुलाने अंगणातल्या मातीत काय काढले असेल, याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही. १९५६ साली रशियातील नोव्हगोरोदच्या उत्खननात तेराव्या शतकातील ओन्फिम नावाच्या मुलाची, भूर्जाच्या सालीवरची लेखने सापडली. त्यांतल्या एकीवर तो मुळाक्षरे लिहू लागतो, आणि मध्येच थांबून घोडेस्वार काढतो! आपली धूळ मात्र पुसली गेली.

या रेघेकडे पाहण्याची नवी दृष्टी आपल्या भागात कशी आली, हा इतिहास बडोद्याशी जोडलेला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. ते शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होते. त्याआधीची वर्षे घराकडेच राहिली. याच संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे धुरीण मोतीभाई अमीन यांनी वकिली करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या हाती माँटेसोरीविषयक पुस्तक दिले. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले होते. तेथे मुले वाचनाआधी लेखनाकडे वळत, आणि लेखनाआधी त्यांचा हात रेघांवर तयार होई. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली बोर्डीला ताराबाईंनी हेच कार्य खेड्यात नेले. गिजुभाईंनी पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा, की आईबाप होणे कठीण आहे.

ते किती कठीण, हे मी स्वानुभवाने सांगतो. १९८१ साली मी प्रबंध लिहीत होतो. जुन्या पोथ्यांच्या समासात लेखनिकाने लेखणी चालते का हे पाहण्यासाठी ओढलेल्या रेघाही मी भिंगाखाली तपासत असे. एके दिवशी माझ्या दोन वर्षांच्या मुलीने प्रबंधाच्या पक्क्या पानावर पेन्सिलीने गोल गोल रेघोट्या ओढल्या. मी पेन्सिल हिसकावून तिच्या हातावर चापट मारली. त्यानंतर कित्येक दिवस मी टेबलाशी बसलो की ती हात पाठीमागे धरून उभी राही.

ही हकीकत मी हसत हसत बाईंना सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एका मुलाचे चार कागद काढले आणि मागे लिहिलेल्या तारखांच्या क्रमाने माझ्यापुढे मांडले. पहिल्यावर खांद्यापासून हात फिरवून ओढलेल्या लांब रेघा, दुसऱ्यावर गुंतवळ, तिसऱ्यावर, जेथे सुरू तेथेच संपलेले वर्तुळ, चौथ्यावर त्या वर्तुळाला दोन डोळे आणि दोन पाय. “सर, ही तुमच्या पोथीपेक्षा जुनी लिपी आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे मी वाचले. रोडा केलॉग यांनी सुमारे दहा लाख बालचित्रे जमवून वीस मूलभूत रेघोट्या निश्चित केल्या. त्यांचा ग्रंथ १९६९चा. व्हिगोत्स्कींनी लेखनाचे मूळ मुलाच्या हातवाऱ्यात आणि चित्रात शोधले. बाईंनी यांतले काही वाचले होते की नाही, मी विचारले नाही. त्यांनी मुले वाचली होती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानला. तरीही अडीच वर्षांच्या बाळाचा हात धरून ‘अ’ गिरवून घेणारे पालक मला आजही भेटतात. त्यांच्या काळजीला मी हसत नाही; मीही एके काळी तेच केले असते. माझी विनंती एवढीच, की भिंतीच्या खालच्या भागाला जुने कागद चिकटवा, जाड खडू हाती द्या, आणि झालेल्या कागदामागे तारीख घाला. सहा महिन्यांनी ते कागद ओळीने मांडून पाहा. मग आम्हा अध्यापकांच्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.

प्रबंधाचे ते पान मी पुन्हा लिहून काढले. रेघोट्यांचे पान मात्र त्या दिवशी फाडून टाकले. माझ्या संग्रहातून हरवलेले एकच हस्तलिखित मला आज हवे आहे, आणि ते हेच.