लोकसंख्याधिष्ठित रोगनोंदणी (मुंबई व ठाणे परिसर)

विशिष्ट भूप्रदेशात राहणाऱ्या सर्व लोकांमधील एखाद्या रोगाचे प्रमाण ठरविण्याची पद्धत. रुग्णालयातील नोंदींवरून तेथे किती रुग्ण आले एवढेच समजते. ते किती लोकांमधून आले, हे समजत नाही. म्हणून या पद्धतीत अंशस्थानी त्या प्रदेशातील रहिवासी रुग्णांची संख्या व छेदस्थानी जनगणनेवरून मिळणारी लोकसंख्या घेतात. कर्करोग, मोतीबिंदू इ. विकार वयाबरोबर वाढत असल्याने दोन समाजांची तुलना करताना वयोरचनेतील फरक गणिताने दूर करावा लागतो.

टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाच्या प्रकारांचा त्यांच्या चालीरीती व सवयींशी असलेला संबंध अभ्यासिला. तथापि हे निष्कर्ष रुग्णालयात पोहोचलेल्यांपुरतेच होते. भारतीय कर्करोग संस्थेने (स्थापना १९५१) डॉ. डी. जे. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातील ही पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी होय. रुग्णाची माहिती कळविण्याचे बंधन डॉक्टरांवर नसल्याने नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालये व विकृतिविज्ञान प्रयोगशाळा यांना भेटी देत आणि महापालिकेतील मृत्युनोंदी तपासत. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे या अभ्यासांतून दिसून आले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने वयाचा हिशेब येथे विशेष महत्त्वाचा ठरला. पुढे पुणे, औरंगाबाद व नागपूर येथेही नोंदण्या सुरू झाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९८०–९० या दशकाच्या आरंभीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचा समावेश झाला.

ग्रामीण भागात निराळी पद्धत अवलंबावी लागली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी नोंदणीत बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेडी घेण्यात आली. रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नसल्याने कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणे असलेल्यांचा शोध घेत. मुंबईतील स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग पुढे येत असता बार्शीकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रमुख आढळला. याच भागालगतच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यांत दिसले.

दृष्टिदोषांच्या पाहण्यांतही व्याख्या व वय यांना असेच महत्त्व आहे. १९७१–७४ मधील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १·३८ टक्के, तर २०१५–१९ मधील पाहणीत ०·३६ टक्के होते. परंतु मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलल्याने ही घट जशीच्या तशी घेता येत नाही. वृद्धत्वाविषयी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये ४५ वर्षे व त्यांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांच्या बाबतीत या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे १८ लाख व १२ लाखांहून अधिक होती. मुंबईतील चाळींतून अनेक कुटुंबे या भागात राहावयास आली. कामासाठी व उपचारांसाठी मात्र त्यांचे मुंबईला जाणेयेणे चालूच राहिले. नोंदणीच्या नियमानुसार रुग्ण त्या प्रदेशाचा रहिवासी असावा लागतो. त्यामुळे डोंबिवलीच्या रुग्णाने परळला उपचार घेतले, तरी तो बृहन्मुंबईच्या प्रमाणात धरला जात नाही. २०१२–१६ या कालखंडाच्या राष्ट्रीय अहवालातील २८ नोंदण्यांत ठाण्याचा समावेश नव्हता. परिणामी अशा रुग्णाची नोंद रुग्णालयात राहते, पण त्याच्या शहराचे प्रमाण तीवरून काढता येत नाही. दुखणे वाढल्यावर मूळ गावी परतणाऱ्यांची गणना त्याहून अवघड असते. त्यातच २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी न झाल्याने छेदस्थानची लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागली. उपचारकेंद्रे कोठे उभारावीत हे प्रमाणावरून ठरवावयाचे, तर प्रथम रुग्ण राहतो कोठे याची गणना होणे आवश्यक ठरते.